मोकळी चौकट

मी पडले तेव्हा शिरीष माझ्याकडेच बघत होता. म्हणजे फोन माझ्याकडे धरला होता आणि तो फोनात बघत होता. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर लोकांनी त्याला नाही नाही ते विचारलं. भांडण झालं होतं का, बाईंचा विमा काढला होता का, तुम्ही नेमके कुठे उभे होतात. अहो, कसलं भांडण! आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली की भांडायला लागतो तेवढा उत्साहसुद्धा आता दोघांत मिळून उरलेला नाही. नवरा म्हणून माणूस वाईट नाही तो. पण मी त्याच्या डोळ्यांदेखत कड्यावरून खाली गेले आणि त्याला ते दिसलं नाही, हे खरं आहे. त्याच्या फोनात त्या क्षणाचा व्हिडिओ आहे. त्यात कडा आहे, सोनकीची पिवळी फुलं आहेत, वाऱ्यानं हलणारं गवत आहे. मी नाही. तो व्हिडिओ पाहिल्यावर मला जेवण गेलं नव्हतं.

शिरीषच्या मंडळाचं नाव ‘मोकळी चौकट’. नाशिकातली बँकेतून, विमा कंपनीतून, कॉलेजातून रिटायर झालेली किंवा होऊ घातलेली मंडळी, आणि सगळी फोनवर फोटो काढणारी. गंमत म्हणून नव्हे हं, अगदी गंभीरपणे. प्रदर्शनं भरवतात, भिंतभर मोठे प्रिंट काढतात. अण्णा टिल्लू हे मंडळाचे संस्थापक. ‘जो खिशात मावत नाही तो कॅमेरा नव्हे, ते सामान,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. स्वतःची मोठी लेन्स विकली तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते. मंडळाचा नियम एकच. चौकटीत माणूस नको. माणूस आला की सह्याद्री विटाळला, असं अण्णांचं मत. मत काही असो, पण रविवारी कुठल्याही कड्यावर जा, पर्यटकांची जत्रा आणि चिप्सच्या पाकिटांचा खच. तेव्हा फोटोतून ते सगळं पुसणं आलंच.

हे पुसणं म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. फोनच्या कॅमेऱ्याची काच शर्टाच्या बटणाएवढी. तिच्यातून उजेड येणार किती? म्हणून तुम्ही एकदा बटण दाबलं की फोन गुपचूप पाठोपाठ बरेच फोटो काढतो, ते एकावर एक ठेवतो, हललेलं सरळ करतो, आणि जिथे काहीच नीट आलेलं नाही तिथे अंदाजानं भरतो. लांबचं ओढून जवळ आणलंत तर अंदाजच जास्त. दरीपलीकडचा माणूस म्हणजे त्या काचेमागे जेमतेम चार ठिपके. त्या ठिपक्यांवरून फोन ठरवतो की हा दगड, हे झुडूप, हा पक्षी. आणि त्यानं आधी पाहिलेल्या लाखो चित्रांतून दगडाचं, झुडपाचं, पक्ष्याचं रूप काढून तिथे बसवतो. आपल्याला वाटतं फोनला लांबचं दिसलं. त्याला दिसत नाही, त्याला आठवतं. हे तसं जुनंच आहे, आपण कधी लक्ष दिलं नाही इतकंच.

नवीन काय झालं, तर हा अंदाज शिकवता यायला लागला. एखाद्या मंडळानं आपापले फोन जोडायचे आणि सगळ्यांना मिळून एकच शिकवण द्यायची: काय ठेवायचं, काय पुसायचं, पुसलेल्या जागी काय भरायचं. अण्णांनी त्याला नाव दिलं ‘नजर’. सुरुवातीला नजर फोटो काढल्यानंतर पुसायची. मग नवे फोन आले आणि ती आधीच पुसायला लागली, पडद्यावर, बघता बघता. धबधब्याखाली माणसं ओरडत नाचत असायची आणि फोन वर केला की धबधबा मोकळा. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी चक्क टाळ्या वाजवल्या होत्या.

आणि ही नजर शिकवली कुणी? मी! मंडळातल्या पुरुषांना ट्रेक हवा, फोटो हवा, सोमवारची फोटोंची सफाई नको. ‘हेमांगीवहिनींचा हात हलका आहे’ असं म्हणून अण्णांनी ते काम माझ्या गळ्यात घातलं. मटार सोलता सोलता मी टॅबवर बोट फिरवायची. नारिंगी जॅकेटभोवती गोल, पूस. पाकिटाभोवती गोल, पूस. घारीभोवती गोल, ठेव. शिरीषच्या फोटोंत सगळ्यात जास्त कोण असायचं, तर मीच. माझी चाल भराभर, पाठीवर डब्याची सॅक, मी कायम पुढे आणि कायम त्याच्या मध्ये. पाठमोरी मी, वाकलेली मी, बसलेली मी, ‘या की लवकर’ म्हणून हात हलवणारी मी. सगळ्या पुसल्या. पुढे पुढे नजर मला विचारेनाशी झाली, आपणहूनच पुसायची. ‘काय हुशार झालीय!’ असं मीच कौतुकानं म्हणायची. आपल्याच पायावर आपल्याच हातानं धोंडा, दुसरं काय.

एकाच गोष्टीसाठी नजर हावरी होती. गिधाड. आमच्या भागातली गिधाडं संपत आली, म्हणून अण्णांनी बजावलं होतं, ‘वहिनी, एकही सुटता कामा नये.’ मग मी तिला घोकून घोकून शिकवलं: कड्यावर पांढऱ्या विष्ठेचे ओघळ असले की वर बघ. तपकिरी अंग, मानेभोवती पांढरा पिसांचा झुपका, खाली घातलेलं डोकं. असं काही दिसलं की सगळ्यांचे फोन एकदम वाजायचे. गेल्या हिवाळ्यात तिनं एका जळक्या खोडाचं इतकं देखणं गिधाड केलं, की वनखात्याची माणसं दिवसभर तंगडतोड करून आली. अण्णांना तोंड लपवायला जागा उरली नाही. आम्ही पोट धरधरून हसलो होतो.

तर त्या दिवशी आम्ही अकोले तालुक्यात काळदरीच्या कड्यावर होतो. कडा घोड्याच्या नालासारखा वाकलेला. मध्ये धबधबा, दोन्ही अंगांना कड्याचे दोन हात. एका हातावर मंडळ ट्रायपॉड रोवून बसलं होतं.

‘हेमा, आज मध्ये मध्ये येऊ नकोस हं,’ शिरीष म्हणाला. ‘उजेड फार सुंदर आहे.’

‘मी आले काय नि न आले काय! तुझ्या फोनाला मी दिसते कुठे?’

अण्णा खो खो हसले. ‘वहिनी, तुम्ही खुशाल फ्रेममध्ये फुगडी घाला. आमची काही हरकत नाही.’

मी जेवायला सावली शोधायला म्हणून वळसा घालून पलीकडच्या हातावर गेले. तिथून मंडळ बोटाएवढं दिसत होतं. शिरीषची पांढरी टोपी, अण्णांचा निळा शर्ट. शिरीषचा फोन माझ्या दिशेनं होता. मी कडेला जाऊन हात वर केला, इकडे या, सावली आहे. धबधब्याच्या तुषारांनी गवत ओलं होतं. पाय सटकला.

ओरडायलाही वेळ मिळाला नाही. खालच्या कपारीवर आदळले आणि घोट्यात काहीतरी कटकन वाजलं. कपार पलंगाएवढी. डोक्यावर पुढे आलेला खडक, त्यामुळे वर चढायची सोय नाही. खाली दरी. खिशातला फोन निसटला. एकदा दगडावर आपटल्याचं ऐकू आलं, मग फार वेळानं आणखी एकदा. मी भिंतीला पाठ लावून घट्ट डोळे मिटले आणि लहान मुलीसारखी ‘आई, आई’ करत बसले.

मग जरा भानावर आले. म्हटलं, घाबरायचं काय कारण? हात मोडला नाही, डोकं फुटलं नाही, आणि नवरा समोरच आहे. त्यानं मला पडताना बघितलंच असणार. आता धावपळ होईल, मला बोलणी बसतील, गाडीत सगळे चिडवतील. मी डोळे उघडून समोर पाहिलं. शिरीष फोन हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवत होता. फोन माझ्यावर आला, माझ्यावरून पुढे गेला आणि धबधब्यावर जाऊन थांबला.

मी ओरडले. धबधब्याच्या आवाजात माझं मलाच ऐकू येईना. पलीकडे त्यांनी बराच वेळ फोटो काढले, मग बहुधा भूक लागली. शिरीष उठून इकडे तिकडे बघायला लागला. तोंडाशी हात धरून हाक मारताना दिसला. मग सगळेच उठले, आणि सगळ्यांनी काय केलं असेल? खिशातून फोन काढले. कड्याच्या काठावर ओळीनं उभे राहिले आणि फोन डोळ्यांसमोर धरून दरीची भिंत न् भिंत शोधायला लागले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि माझी पाचावर धारण बसली.

‘त्यांनी नुसत्या डोळ्यांनी का नाही बघितलं?’ असं आता ज्याला त्याला वाटतं. तुम्ही सांगा, लांबचं काही तुम्ही नुसत्या डोळ्यांनी शेवटचं कधी शोधलंत? शिरीषला जाड भिंगाचा चष्मा. अण्णांची दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली. माझ्या बाजूला सावली, काळा खडक, त्यात मी मुंगीएवढी. आणि हातात फोन, जो दरीपलीकडच्या गवताचं पातं न् पातं मोजून दाखवतो. विश्वास कुणावर ठेवणार?

मी नारिंगी विंडचीटर काढला आणि गरागरा फिरवला. दुरून दिसावा म्हणून मुद्दाम तो भडक रंग घेतला होता मी. फिरवता फिरवता माझी मलाच सोमवारची बोटं आठवली. नारिंगी, गोल, पूस. हात हलवणारी बाई, गोल, पूस. मी जितकी जोरात हलत होते तितकी नजरेची खात्री पटत होती की हे पुसायचंच आहे. पलीकडे सात-आठ फोन माझ्यावर रोखलेले, आणि त्या प्रत्येकात फक्त कोरडी काळी कपार. मी विंडचीटर पायाशी टाकला.

उन्हं कलायला लागली तेव्हा खालच्या गावातलं बचाव पथक आलं. त्यांच्याजवळ ड्रोन होता. तो उडताना पाहिला आणि मला रडूच फुटलं. ड्रोन दरीत उतरला, एकेक कपार बघत बघत माझ्यासमोर आला आणि थांबला. इतका जवळ की त्याच्या पात्यांचा वारा माझ्या तोंडावर येत होता. त्याचा गोल डोळा सरळ माझ्या डोळ्यांत. मी दोन्ही हात जोडले. ‘अरे बाबांनो, मी इथे आहे, इथे आहे!’ तो क्षणभर तसाच तरंगला. कपार नीट बघून घेतली असावी. मग वळला आणि निघून गेला.

नंतर कळलं ते असं. अण्णांनी मोठ्या मनानं मंडळाची नजर त्या ड्रोनला जोडून दिली होती. ‘हे कडे आमच्या नजरेइतके कुणी ओळखत नाही,’ असं म्हणाले म्हणे. खोटं नव्हतं ते. पथकाकडे उष्णता पकडणारा कॅमेराही होता, पण धबधब्याच्या तुषारांच्या धुक्यात त्याचं काही चालेना. पथकातली मुलं पडद्यावर माझी कपार बघत होती. त्यांनी ती कपार ‘पाहिली, रिकामी’ म्हणून सोडून दिली.

ड्रोन गेल्यावर मी किती वेळ नुसती बसून होते कोण जाणे. पलीकडची माणसं धबधब्याच्या दिशेनं, खालच्या वाटेकडे सरकायला लागली होती. म्हणजे कडा शोधून झाला, आता मला ओढ्यात शोधणार. जिवंत बाईला कुणी ओढ्यात शोधत नाही. आणि अंधार पडला की ते थांबणार, आणि माझा घोटा आत्ताच दुप्पट झालेला, आणि कपारीच्या कडेचा मुरूम बसल्या जागी सुटत होता. सकाळपर्यंत मी इथे असणार नव्हते. नजरेला जे दिवसभर दिसत होतं ते खरंच होणार होतं.

काय गंमत आहे बघा, माणूस मरणाच्या दारात असला तरी त्याला भूक लागते. मी सॅक उघडली. दहीभाताचा डबा, वर वेगळं घट्ट दही, पांढरा नॅपकिन, आणि खाली बसायला घेतलेलं जुनं तपकिरी घोंगडं. दह्याचा डबा उघडताना थोडं दही दगडावर सांडलं आणि ओघळलं. काळ्या दगडावर पांढरा ओघळ.

मी त्या ओघळाकडे बघत राहिले. मग मला एकदम कळलं की नजरेच्या लेखी माणूस होऊन मी वाचणार नाही.

मी पोटावर सरपटत कपारीच्या टोकाला गेले. खाली बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. तिथेच कपाळ दगडाला टेकवून पडून राहिले. मग सगळं दही हातानं काठावर फासलं आणि भिंतीवरून खाली सोडलं. भात पाण्यात कालवून तोही सोडला. जितके लांब ओघळ होतील तितके केले. नॅपकिन मानेभोवती गुंडाळला. घोंगडं अंगावरून असं घेतलं की विंडचीटरचा, कुर्त्याचा, माझ्या हातापायांचा कणभरही रंग बाहेर राहू नये. आणि टोकाशी उकिडवी बसले. मोडक्या घोट्यावर. डोळ्यांपुढे काजवे चमकले. डोकं खांद्यांत खेचलं, मान पुढे काढली, आणि हलायची बंद झाले.

माझ्या पायाखालून मुरूम घरंगळत होता. एकेक खडा खाली जाताना मला कळत होता. पलीकडे अण्णा सगळ्यात मागे राहिले होते. त्यांनी सवयीनं जाता जाता फोन एकदा कड्यावरून फिरवला. फोन माझ्यावर आला. माझ्यावरून पुढे गेला. आणि मग परत आला.

सगळ्यांचे फोन एकदम वाजले असणार, कारण चालती माणसं एकदम थांबली. वळली. धावत काठाशी आली. सगळे फोन वर झाले, आणि या खेपेला एकही फोन माझ्यावरून सरकला नाही.

दिवसभर मी ह्याचीच वाट बघत होते, आणि आता हात हलवावासा वाटून माझा जीव कासावीस झाला. किंचाळावं, उभं राहावं, घोंगडं भिरकावून द्यावं! पण हात हलला की मी बाई, आणि बाई झाले की त्यांच्या पडद्यावरून मी गेलेच. ते म्हणणार, उडालं वाटतं. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायची सोय नव्हती. मी गिधाड होऊन बसून राहिले.

ते फोटो काढत होते. अहो, खरंच सांगते, फोटो काढत होते! एकानं ट्रायपॉड उघडला. अण्णा हातवारे करून कुणाला तरी बाजूला हो सांगत होते. मला वाटलं, झालं. मनसोक्त फोटो काढतील, खूश होतील आणि जातील. अख्ख्या आयुष्यात मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. ड्रोन गेला तेव्हाही नाही.

फक्त एक पांढरी टोपी फोन वर करत नव्हती. शिरीष एकदाच बघून मटकन खाली बसला होता. डोकं दोन्ही हातांत धरून बसला होता. मला कळेना, याला काय झालं? मग कळलं. गिधाड कुठे बसतं? जिथे त्याला खायला असतं तिथे.

शिरीष उठला. त्यानं अण्णांचा फोन धरलेला हात धाडकन खाली दाबला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. पथकातली माणसं दोर घेऊन कड्यावरून वळसा घालत माझ्या बाजूला यायला निघाली. ती पोचेपर्यंत मी तशीच बसले. सूर्य पलीकडच्या डोंगराला टेकला होता. माझा पाय आता पाय राहिला नव्हता, नुसता ठणका होता. पण मी हलले नाही. आपण माणूस व्हायचं कधी, हे मला कळतच नव्हतं.

वरून माती पडली आणि दोरावरून एक मुलगी उतरली. यमुना भांगरे, खालच्याच गावची. तिच्या खांद्याला लांब गुंडाळलेली प्लास्टिकची पिशवी होती. ती कशासाठी आणली होती ते मी विचारलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून उतरली, वळली, आणि तिनं हातातली काठी माझ्यावर उगारली.

‘हुश्श! हुश्श! उठ!’

‘अगं मारू नकोस,’ मी म्हटलं.

ती पोरगी अशी दचकली की दोराला लटकून गोल फिरली. ‘बाई गं! अवं, तुम्ही जित्त्या हायेत व्हय? मंग त्ये गिधाड कुठं गेलं?’

‘मीच ते. मला आधी काठावरून आत ओढ, मग सांगते.’

तिनं मला आत ओढलं आणि मी तिच्या गळ्यात पडून इतकी रडले की तिचा खांदा भिजला. तिनं वायरलेसवर वर कळवलं, ‘काकू जित्त्या हायेत.’ दोनदा कळवलं तेव्हा कुणीतरी म्हणालं, ‘आम्हाला ड्रोनमध्ये काही दिसत नाहीये, परत बघ.’

‘आता अजून काय बघू? धरून बसलेय मी त्यांना!’ यमुना खेकसली.

वर घेताना मी दोरावर तिच्या पाठीशी बांधलेली होते. काठावर पथकातल्या दोघांनी हात देऊन मला ओढलं आणि गवतावर उभं केलं, यमुनाच्या आधारानं. थोडा उजेड अजून होता. पथकामागोमाग वळसा घालून आलेला शिरीष पाच पावलांवर उभा होता. त्याच्या मागे अण्णा आणि बाकीचे. शिरीषचं तोंड रडून सुजलं होतं. मनात दिवसभर जुळवून ठेवलं होतं की भेटल्यावर त्याला काय काय सुनवायचं. ते सगळं विसरले. मी फक्त म्हटलं, ‘अरे, आले रे मी.’

तो माझ्याकडे बघत राहिला. पुढे आला नाही. त्याच्या डोळ्यांत ओळख होती, पण तिच्यावर त्याचा भरवसा बसत नव्हता, हे मला अगदी स्वच्छ दिसलं. बिचाऱ्यानं दिवसभर ही भिंत, हा काठ, ही कपार इतक्या वेळा बघितली होती, आणि इतक्या वेळा तिथे कुणी नव्हतं.

‘शिरीष,’ मी म्हटलं.

त्याचा हात आपोआप खिशाकडे गेला. फोन बाहेर आला आणि वर झाला, आमच्या दोघांच्या मध्ये. फोनच्या वरच्या कडेवरून मला त्याचे डोळे दिसत होते. ते माझ्यावरून खाली पडद्यावर उतरले आणि तिथेच राहिले.

‘अण्णा,’ तो हलक्या आवाजात म्हणाला, ‘इथे कुणी नाहीये.’

अण्णांनी आपला फोन वर केला. इकडे तिकडे फिरवून बघितला. ‘नाहीये खरं,’ ते म्हणाले. ‘शिरीष, चल, खाली बस जरा. पाणी पी.’

‘अवं, ही काय तुमच्या म्होरं उभी हाये!’ यमुना ओरडली. पण ती माझ्या शेजारी त्याच चौकटीत होती, त्यामुळे नजरेनं तिलाही पुसलं होतं.

शिरीष पडद्याकडे बघत हळूहळू मान हलवत होता. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मी यमुनाचा खांदा सोडला, लंगडत त्याच्यापर्यंत गेले आणि हात लांब करून त्याच्या ओल्या गालावर ठेवला.

तो किंचाळला. फोन काही त्याच्या हातून सुटला नाही.